घरी केलेल्या क्रीममध्ये बियांचं तेल: कोणतं घ्यावं आणि क्रीम का फुटतं?

तुमचे प्रश्न दोन: कोरड्या, भेगाळलेल्या हातांच्या क्रीममध्ये ऑलिव्हऐवजी सूर्यफुलाचं तेल चालेल का, आणि आधीच्या क्रीमवर दोन दिवसांत तेल का तरंगलं?

चालेल, उलट जास्त चांगलं. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातल्या काही सेरामाइडांच्या (त्वचेतलं पाणी धरून ठेवणाऱ्या स्निग्ध पदार्थांच्या) घडणीत लिनोलेइक आम्ल थेट लागतं. ते सूर्यफूल, करडई आणि द्राक्षबियांच्या तेलात भरपूर असतं. ऑलिव्हमध्ये (ते बियांचं नव्हे, फळाच्या गराचं तेल) ओलेइक आम्ल जास्त. ते हा थर सैल करतं, म्हणून आधीच बिघडलेल्या त्वचेला नको. मात्र बाटलीवर 'हाय ओलेइक' लिहिलेलं नाही ना, ते पाहा. सूर्यफूल आणि करडई दोन्हींचे तसे वाण आहेत, आणि मग तेल बदलून काहीच साधत नाही.

दुसरी गोष्ट, नुसतं तेल त्वचेतलं पाणी फारसं अडवत नाही. ते काम पेट्रोलियम जेली कितीतरी चांगलं करते. 'नैसर्गिक' हवं म्हणून ती वगळणं मला पटत नाही.

100 ग्रॅमसाठी: सूर्यफूल किंवा करडईचं तेल 14, पेट्रोलियम जेली 5, इमल्सिफायिंग वॅक्स (तेल आणि पाणी एकत्र बांधणारं) 6, सेटाइल अल्कोहोल (घट्टपणा आणणारं, मेणासारखं) 3, ग्लिसरीन 4, डिस्टिल्ड वॉटर 66.8, फिनॉक्सीइथेनॉल आणि एथिलहेक्सिलग्लिसरीनचं तयार मिश्रण (हे प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे जंतू थोपवणारं) 1, व्हिटॅमिन ई 0.2 ग्रॅम. सगळं वजनावर मोजा, चमच्याने नाही.

तेल, जेली, वॅक्स आणि सेटाइल अल्कोहोल एका भांड्यात, पाणी आणि ग्लिसरीन दुसऱ्या भांड्यात घालून दोन्ही 70 ते 75 अंश सेल्सिअसपर्यंत तापवा. पाणी उडून घटतं, तेवढं गरम पाणी परत घाला. मग एकत्र करून हँड ब्लेंडरने दोन-तीन मिनिटं फिरवा. पुढे 40 अंशांपर्यंत निवेपर्यंत हलक्या हाताने ढवळत राहा. प्रिझर्व्हेटिव्ह आणि व्हिटॅमिन ई त्यानंतरच घाला.

क्रीम फुटण्याचं नेहमीचं कारण म्हणजे फक्त मधमाशांचं मेण वापरणं. मेणाने घट्टपणा येतो, पण एवढं पाणी ते एकटं तेलात बांधून ठेवत नाही. तेल गरम आणि पाणी गार असेल तर वॅक्स पाण्याला लागताच गोठतं आणि दाणे पडतात. क्रीम पांढरं दिसलं की ढवळणं थांबवणं ही तिसरी चूक. ते आतून अजून गरम असतं आणि हळूहळू वेगळं होतं.

लिनोलेइक जास्त असलेलं तेल लवकर खवट होतं, हा या निवडीचा तोटा. तेल ताजं घ्या, काळोखात ठेवा. जवसाचं तर याहून लवकर बिघडतं, ते या कामाला टाळाच. व्हिटॅमिन ई खवटपणा लांबवतं, पण जंतू थोपवत नाही. पाणी असलेलं क्रीम प्रिझर्व्हेटिव्हशिवाय ठेवलं तर वास येण्याआधीच त्यात जंतू वाढलेले असू शकतात. रंगाचा किंवा वासाचा जराही फरक जाणवला, तर उरलेलं टाकून द्या.

आणि रास्पबेरीच्या बियांचं तेल उन्हापासून वाचवतं असं वाचून ते सनस्क्रीन म्हणून घालू नका. बियांचं कुठलंच तेल त्या भरवशाचं नाही.