खारं पाणी, पिवळाधमक गूळ आणि कळकलेलं ताक

या वेळच्या पाचही पत्रांचा सूर एक आहे: ‘केमिकल नको, नैसर्गिक उपाय सांगा.’ सांगतो, पण काही ठिकाणी नैसर्गिकच नडतंय, तेही सांगावं लागेल.

प्रश्न : आमच्या बोअरचं पाणी मचूळ लागतं, डाळ शिजायला वेळ घेते. घरात चार महिन्यांचं बाळ आहे, त्याला पावडरचं दूध करून देतो. पाणी तुरटी फिरवून, चांगलं आटेपर्यंत उकळतो. एवढं पुरे ना? की शेवग्याच्या बिया वापराव्यात? (वाळवा तालुका)

पुरे नाही. बाळाच्या बाबतीत तर आटवणं उलटं पडू शकतं.

पाण्याची दुखणी तीन: गढूळपणा, जंतू आणि विरघळलेले क्षार. तुरटी आणि शेवगा पहिल्यावर चालतात. उकळणं आणि टीसीएल (पाण्यातले जंतू मारायची क्लोरीनची पावडर) दुसऱ्यावर. तिसऱ्यावर यातलं काहीच फारसं चालत नाही, आणि कृष्णाकाठच्या बारमाही उसाच्या पट्ट्यात शंका तिसऱ्याचीच घ्यावी. उसाला टाकलेल्या युरियातला जो भाग पिकानं उचलला नाही, तो पाटपाण्याबरोबर खाली झिरपतो आणि नायट्रेट होऊन बोअरमध्ये उतरतो. शोषखड्डा जवळ असेल तर तिकडूनही येतो. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. त्याला रंग नाही, वास नाही. मचूळपणावरूनही त्याचा अंदाज बांधता येत नाही. उकळताना वाफ पाण्याची होते, नायट्रेट भांड्यातच राहतं. पाच लिटरचं चार लिटर झालं, की त्याचं प्रमाण सव्वापट. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद त्यानं घटते. ओठ किंवा नखं निळसर दिसली तर त्याच क्षणी दवाखाना गाठा.

आज करायचं ते हे: दुधाच्या पावडरीसाठी बोअरचं पाणी बंद. तपासणी होत असलेल्या नळयोजनेचं पाणी घ्या, खळखळून उकळी फुटली की मिनिटभर ठेवून उतरवा. मग बोअरचा नमुना द्या. मोटर पाच मिनिटं चालवून, त्याच पाण्यानं बाटली दोन-तीनदा विसळून लिटरभर भरा. जंतूंच्या तपासणीसाठी मात्र प्रयोगशाळेनं दिलेली निर्जंतुक बाटलीच हवी. ती विसळायची नाही, बर्फात ठेवून 24 तासांच्या आत पोहोचवायची. नायट्रेट 45 च्या वर निघालं तर घरगुती साधनांत आरओच उपयोगी. कँडलचा फिल्टर, यूव्ही, तांब्याचा हंडा, कशानंही ते जात नाही. आणि नायट्रेट हद्दीत असून दुखणं नुसत्या कठीणपणाचं, म्हणजे डाळ उशिरा शिजण्याचं असेल, तर आरओचा खर्च करू नका.

शेवगा खोटा नाही, त्याचं काम वेगळं आहे. पुराच्या गढूळ पाण्याला तो चांगला. झाडावरच वाळलेल्या शेंगेतलं बी सोलून आतला पांढरा गर कुटायचा. फार गढूळ पाण्याला लिटरमागे एक बी, कमी गढूळ असेल तर दोन लिटरला एक. थोड्या स्वच्छ पाण्यात कालवून, फडक्यातून गाळून घालायचं. मिनिटभर जोरात, मग पाच-दहा मिनिटं हळू ढवळायचं आणि दोन तास हलवायचं नाही. वरचं पाणी काढून उकळायचं. हे पाणी दुसऱ्या दिवसावर ठेवू नका. बियेचा अंश राहतो आणि वास मारतो. टाकीत टीसीएल टाकायची तर हजार लिटरला पाच ग्रॅम. प्लॅस्टिकच्या बादलीत कालवा, चुना तळाला बसू द्या, फक्त वरची निवळ टाकीत ओता आणि तासभर थांबा. उघड्या पोत्यातल्या जुन्या पावडरीचा क्लोरीन उडालेला असतो, मग माप बरोबर असूनही जंतू मरत नाहीत.

प्रश्न : वडिलांना मधुमेह आहे, म्हणून साखर बंद करून गूळ सुरू केला. पिवळा गूळ ‘पावडर मारलेला’ असतो का? (कराड)

आधी मधुमेहाचं. सुपारीएवढा, म्हणजे साधारण 10 ग्रॅम गूळ आणि दोन चमचे साखर रक्तात जवळपास सारखाच गोंधळ घालतात. गूळ कमी गोड लागतो म्हणून हात सैल सुटतो, तो तोटा वेगळाच. लोहासाठी म्हणाल, तर बाईची रोजची गरज 29 मिलिग्रॅम. गुळाच्या खड्यानं ती भागत नाही. मूठभर मटकी, वर लिंबू आणि जेवणानंतर तासभर चहा नाही, हे जास्त कामाचं.

आता रंगाचं. काहिलीत रस उकळताना गुळव्या भेंडीचं चिकट पाणी घालून मळी वर आणतो आणि काढतो. आंबटपणा मारायला चुन्याची निवळी घालतो. इथपर्यंत तक्रारीला जागा नाही. रंग उजळावा म्हणून जी पावडर पडते ती हायड्रॉस. तिच्यातून गंधकाचा अंश मागे राहतो. गुळात त्याची मर्यादा किलोला 70 मिलिग्रॅम आहे. दम्याच्या रोग्याला त्याहून कमीही बाधू शकतो. हा उजळपणा टिकत नाही, काही आठवड्यांत गुळाचा रवा (ढेप) वरून काळपट पडतो. तरी रंगावरून निकाल देऊ नका: चांगल्या पोयट्याच्या जमिनीतला गूळ मुळातच फिका उतरतो आणि क्षारपड रानातला काळसर, खारट. ओळखीच्या गुऱ्हाळावरून काहील उतरताना घेतलेला गूळ, हाच भरवशाचा. आणि चहा फाटतो म्हणून गुळाला दोष देऊ नका. गूळ आंबटसर असतो, गॅस बंद करून मगच घाला.

प्रश्न : द्राक्षांवरची पांढरी पावडर औषधाची असते ना? मिठाच्या पाण्यानं जाते का? (तासगाव)

बोटानं पुसली जाणारी सारखी, धुरकट लव ही मण्याचं स्वतःचं मेण असते, ती ताजेपणाची खूण. ठिपके, ओघळ आणि देठाजवळचे डाग मात्र फवाऱ्याचे. लिटरभर पाण्यात 10 ग्रॅम खायचा सोडा विरघळवा, 12 ते 15 मिनिटं द्राक्षं बुडवा, मग वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. प्रयोगात सफरचंदाच्या सालीवरचा अंश निघायला साध्या पाण्यापेक्षा सोड्याचा उपयोग जास्त दिसला आहे; पण सालीत मुरलेलं औषध धुण्यानं निघत नाही. ते शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस गेले यावर ठरतं. भांड्याचा साबण नको. हिरवा-पिवळा चमकदार बेदाणा बहुधा गंधकाची धुरी दिलेला असतो, दम्याच्या माणसानं तो टाळावा.

प्रश्न : आई मधुमेहाची ग्लिमेपिराइड आणि रक्त पातळ करणारी वॉरफेरिनची गोळी घेते. सोबत सकाळी कारल्याचा रस आणि मिरी घातलेल्या हळदीच्या कॅप्सूल. नैसर्गिक आहे, चालेल ना? (वाई)

या जोडीनं चालणार नाही. ग्लिमेपिराइड रक्तातली साखर खाली ओढतं, कारल्याचा रसही ओढतो. तो उपाशीपोटी घेतला तर साखर 70 च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, बरळणं दिसलं तर शुद्धीवर असताना तीन चमचे साखर पाण्यात द्या, 15 मिनिटांनी पुन्हा मोजा, बरं वाटलं तरी खायला घाला आणि डॉक्टरांना कळवा. या गोळीनं साखर काही तासांनी पुन्हा उतरते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका. कारल्याची भाजी खुशाल करा.

सांगलीसारख्या हळदीच्या पेठेजवळ हे लिहिणं धाडसाचंच, पण आमटीतली हळद आणि कॅप्सूल एक नव्हे. हळदीत कर्क्युमिन (तिचा मुख्य घटक) जेमतेम दोन ते पाच टक्के. 500 मिलिग्रॅमच्या तीव्र अर्काच्या एका कॅप्सूलमध्ये पाच चमचे हळदीइतकं. मिरीमुळे ते कित्येक पट जास्त शोषलं जातं. अशा कॅप्सूलनं यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत, आणि वॉरफेरिनसोबत रक्तस्रावाचा धोका वाढतो. कॅप्सूल थांबवा, डॉक्टरांना सांगून आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी) करून घ्या. लघवी गडद किंवा डोळे पिवळे दिसले तर थांबू नका. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मात्र आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत.

प्रश्न : आजीच्या पितळी पातेल्यात ताक ठेवलं तर हिरवट झालं. टाकून दिलं, बरोबर केलं का? (मिरज)

बरोबर केलंत. ताक कळकलं. आंबटानं तांब्याचा अंश सुटतो. पोटात मळमळ, उलट्या होतात. तळाशी पिवळं दिसायला लागलं की कल्हई गेली समजा. कल्हईवाल्याकडून शुद्ध कथलाची करून घ्या. स्वस्त कथलात शिसं मिसळलेलं असू शकतं. कथील 232 अंशांना वितळतं, म्हणून त्या पातेल्यात फोडणी नको, रिकामं पातेलं चुलीवर नको आणि तारेची घासणीही नको. तांब्याच्या तांब्यात रात्री साधं पाणी ठेवायला हरकत नाही, पण त्यात लिंबू पिळायचं नाही.