परड्यातला दुधी का गळतोय?

प्रश्न: सर, आमचं घर जांबोटीकडं, मागं थोडं परडं हाय. मांडवावर दुधी चढवलाय, फुलं ढीगभर येतात पण बोटाएवढी झाली की फळं पिवळी पडून गळतात. शेजारच्या काकू म्हणतात दृष्ट लागली, आमचे हे म्हणतात युरिया टाक. पपईपण दर पावसाळ्यात बुडातनं सडते. काय करायचं ओ?

उत्तर: अक्का, युरिया तेवढा टाकू नका. त्यातलं नत्र जास्त झालं की वेल नुसता पाल्यावर जातो आणि नर फुलंच वाढतात. दृष्टीचं काकू बघून घेतील.

संध्याकाळी मांडवाखाली जाऊन फुलं नीट बघा, ज्याच्या मागं बारकासा दुधी दिसतो ती मादी, नुसता लांब देठ असतो तो नर. तुमच्याकडं मादी येतेय तरी फळ गळतंय म्हणजे बहुतेक परागीभवनच होत नाहीय. दुधीचं पांढरं फूल उमलतं संध्याकाळी, तोवर मधमाश्या परतलेल्या, मग रात्रीच्या पतंगांवर सगळी भिस्त आणि तुमच्या त्या कणकुंबी-जांबोटीच्या पावसात पतंग तरी कुठनं फिरणार? म्हणून आपणच करायचं, ताजं नर फूल तोडून पाकळ्या काढायच्या आणि मधला पिवळा भाग मादीच्या मधोमध हलकेच फिरवायचा. एका नरात दोन-तीन माद्या होतात. दोडक्याचंपण संध्याकाळीच, काकडी-कारल्याचं मात्र सकाळी.

गळलेलं एखादं फळ चिरूनपण बघा. आत पांढऱ्या अळ्या असल्या तर ती फळमाशी. तसली फळं उकिरड्यावर टाकू नका, अळी मातीत जाऊन कोष करते आणि माशी होऊन परत वर येते. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा, आणि मांडवाला क्यू-ल्युरचा, म्हणजे वेलावरच्या फळमाशीला वासानं ओढणारा, सापळा टांगा. नाव सांगूनच घ्या, नाहीतर दुकानदार आंब्याचा मिथाइल युजेनॉलवाला देईल, वेलावरची माशी त्याला येत नाही.

पपईचं म्हणाल तर जूनमध्ये लावूच नका. बुडाशी पाणी थांबलं की बुरशी धरते. पाऊस ओसरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरात, उंच वरंब्यावर लावा आणि पुढच्या पावसाआधी बुडाला माती ओढून उतार करा. देशी बी असेल तर एका खड्ड्यात तीन रोपं ठेवा, फुलांचे लांब लोंबते तुरे आले तो नर, सगळ्या परड्यात असा एखादा ठेवून बाकीचे काढा. जिथं सडली तिथं परत पपई नको, अळू लावा, त्याला साचलेलं पाणी चालतंय.