आंब्याच्या बुंध्यातून भुसा गळतोय? गोळी नको, तार घ्या

प्रश्न (नंदगड, ता. खानापूर): हापूसच्या जुन्या झाडातून भुसा पडतो, एक फांदी वाळली. दुकानदाराने भोकात घालायला सल्फासच्या गोळ्या आणि पानांवर मारायला औषध दिलंय. वापरू का?

उत्तर: नको. दोन्ही नको.

हे भिरूड, म्हणजे खोड पोखरणारा किडा. अळी लाकडात आणि औषध पानांवर, तिला काय लागणार? मोहोरात माराल तर मधमाश्या तेवढ्या मरतील. गोळीचं तर नाव काढू नका. ती धान्याच्या गोदामासाठी, तीही अधिकृत माणसाच्याच हाती. शेतकऱ्याला विकायची मुभाच नाही. ओल लागली की विषारी वायू सुटतो, त्यावर उतारा नाही. नुवान म्हणजे डायक्लोरव्हॉस, तेही नको. जुन्या पुस्तिकांत ते आहे, पूर्वी आमच्याच बागायत खात्यातून सांगायचे; पण त्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे.

ताजा, ओलसर भुसा येतो तेच भोक धरा. सालीचा मेलेला भाग सुरीने खरवडा. सायकलच्या जुन्या स्पोकला आकडा करून आत सारा, फिरवा. टोकाला पांढरट चीक आला की अळी फुटली समजा. मग पेट्रोलचा बोळा कोंबून शेण-मातीने लिंपा. बोळा भिजेल एवढंच पेट्रोल. बाटली ओतलीत तर झाडच जाईल. बिडी लांब. आठ दिवसांनी लिंपण फोडून भुसा आला तर आत आणखी एक आहे, पुन्हा तार.

या अळीचे भुंगेरे पावसाच्या तोंडाला निघतात आणि सालीच्या फटीत अंडी घालतात. म्हणून दसरा-दिवाळीत दर पंधरवड्याला बुंधे बघा. लोक एप्रिलमध्ये वाळकी फांदी घेऊन येतात, तोवर आत हातभर बोगदा झालेला असतो.

प्रश्न (जांबोटी): फणसालाही हाच किडा?

उत्तर: हाच. उंबर, सावरीलाही लागतो. किडकी फांदी तोडून सरपणात रचू नका, तोडलेल्या लाकडातही अळी वाढते. पावसाआधी जाळा.

नव्या कलमांच्या अनुदानासाठी फ्रूट्स क्रमांक (शेतकरी नोंदणीचा), आरटीसी (जमिनीचा) उतारा आणि बँक पासबुक घेऊन तालुका बागायत कार्यालयात या.

नंदगडच्या शेतकऱ्यांनी गोळ्यांची डबी उघडू नये. तशीच परत करा. दुकानदार घेत नसेल तर बिलासह कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात तक्रार द्या. बिल दिलंच नसेल तर तेही तक्रारीत लिहा.