मेडन वाकेनला बघायचं की त्यांच्या स्वतःच्या शोला?

हॅम्बुर्गला शिकायला चाललायस, खिशात एकाच तिकिटाचे पैसे आहेत, आणि आयर्न मेडन हा ब्रिटिश मेटल बँड वाकेनला, म्हणजे उत्तर जर्मनीतल्या वाकेन गावच्या मेटल फेस्टिव्हलला, बघू की त्यांच्या स्वतःच्या शोला, असं विचारलंयस. फक्त मेडनच बघायचं असेल तर स्वतःचा शो. डोळे मिटून.

फेस्टिव्हलला वेळ कमी मिळतो म्हणून नव्हे. तो नियम दुपारच्या छोट्या बँड्सना, त्यांना चाळीस-पन्नास मिनिटांत गुंडाळावं लागतं. मेडन हेडलायनर, म्हणजे रात्रीचा मुख्य बँड, असतात, जवळपास पूर्ण सेट वाजवतात. फरक पडतो तो अंतराचा, वाऱ्याने हलणाऱ्या आवाजाचा आणि उजेडाचा. ऑगस्टच्या सुरुवातीला उत्तर जर्मनीत रात्री नवापर्यंत सूर्य मावळत नाही, त्यामुळे हेडलायनरच्या आधीच्या बँड्सचं लायटिंग वायाच जातं. बंद हॉलमध्ये मेडनचा भुताळी मॅस्कॉट एडी अंगावर येतो, वाकेनला तो बहुधा स्क्रीनवरच दिसेल.

आता निवड करायला मिळेलच असं नाही. उन्हाळ्यात युरोपात बँड्स साधारण शनिवार-रविवार फेस्टिव्हल घेतात आणि मधल्या वारी आपले शो लावतात. फेस्टिव्हलचं मानधन ठरलेलं असतं, तिकीटविक्रीची चिंता आयोजकाची. रोज ट्रक आणि माणसं पोसायची तर तो आधार लागतो. पण आयोजकही करारात अट घालतो, की अमुक अंतरात, अमुक दिवस आधी-नंतर दुसरा शो नको. म्हणून वाकेन यादीत असेल तर त्या मोसमात हॅम्बुर्ग नसण्याचीच शक्यता जास्त. अख्ख्या टूरचा नकाशा बघ. कोपनहेगन किंवा बर्लिन तुला परवडेल.

आपल्याकडच्या जुन्या लोकांना आठवत असेल, १ फेब्रुवारी २००८ ला मेडनची टूर मुंबईच्या बीकेसीतून सुरू झाली होती. त्यांचा गायक डिकिन्सन स्वतः बोईंग ७५७ उडवत आला होता. तीच टूर ३१ जुलैला वाकेनला पोचली. मी बीकेसीला होतो, आणि तिथे जे बघितलं ते वाकेनच्या कुठल्याही चिखलाच्या बदल्यात देणार नाही. (हो, हा पक्षपात आहे.)

तरीही वाकेनला एकदा जाच, मेडनसाठी नाही, बाकीच्यांसाठी. जेमतेम दोन हजार वस्तीच्या गावात ऐंशी हजारांवर माणसं जमतात. आपल्या मुंबईचा मेटल बँड डेमॉनिक रिझरेक्शन २०१४ ला तिथे वाजवून आलाय. ज्यांचं नावही ऐकलेलं नाही असे बँड भरदुपारी बघायला मिळतात, खरी मजा त्यात आहे.

काही वर्षी तिकिटं काही तासांतच संपली आहेत, तेव्हा आदल्या वर्षीच फेस्टिव्हल संपता संपता नजर ठेव. हॅम्बुर्गहून इट्झेहो या गावापर्यंत ट्रेन, पुढे शटल बस. गमबूट घेच. २०२३ ला पावसाने शेतांचा इतका राडा झाला की आयोजकांनी प्रवेश थांबवला आणि तिकीट असलेले हजारो लोक घरी परतले. त्या वर्षीही मेडन होतेच. आणि कानात घालायचे प्लग विसरू नकोस, स्वतःचा शो असो की फेस्टिव्हल.