‘याचिका निकाली काढली’ म्हणजे फेटाळली का?

प्रश्न असा आलाय की पेपरात ‘हायकोर्टाने याचिका निकाली काढली’ असं छापून आलं, ते वाचून विचारणाऱ्यांच्या काकांनी ‘संपलं, हरलो आपण’ म्हणून कपाळाला हात लावला, तर निकाली काढणं आणि फेटाळणं एकच का? अजिबात नाही. वकिलांच्या ऑफिसात टायपिंग करताना मी कितीतरी वेळा बघितलंय की या एका शब्दापायी माणसं पुढचा पाठपुरावाच सोडून देतात, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

गोंधळ बोलीतल्या अर्थाने होतो. आमच्या सांगली-कोल्हापूरकडे जत्रेत पोस्टर लागतं ‘निकाली कुस्त्यांचे जंगी मैदान’, तिथे निकाली म्हणजे कोणीतरी चितपट होणारच, बरोबरीत सोडवायची नाही. आणि ‘त्याचा निकाल लावला’ म्हणजे तर खेळच खलास. हे कानात बसलेलं असतं त्यामुळे कोर्टाचं ‘निकाली’ वाचलं की कोणाची तरी पाठ लागली असंच वाटतं. पण कोर्टात निकाली म्हणजे डिस्पोज झालं, प्रकरण त्या कोर्टापुरतं मिटलं, एवढंच. हा अर्थ ‘सांडपाण्याचा निकाल लावा’ मधल्या निकालाच्या जवळचा आहे, पाठ कोणाची लागली ते या शब्दात नाहीच. मंजूर झाली तरी निकाली, फेटाळली तरी निकाली, मागे घेतली तरी निकाली, आणि ‘यांच्या निवेदनावर अमुक आठवड्यांत निर्णय घ्या’ असं अधिकाऱ्याला सांगून संपवली तरी निकालीच. ईकोर्ट्सवर, म्हणजे केसची स्थिती दाखवणाऱ्या कोर्टाच्या वेबसाइटवर, ‘केस डिस्पोज्ड’ दिसलं तरी तसंच, तिथे ‘नेचर ऑफ डिस्पोजल’ (केस कशी संपली) ही ओळ शोधून वाचायची.

फेटाळणं मात्र स्वच्छ असतं. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दूत नाव होतं, ते काढा म्हणून प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि एप्रिल २०२५ मध्ये कोर्टाने अपील फेटाळलं, २०२२ चा राजभाषेचा कायदा मराठीसोबत दुसरी भाषा वापरायला मनाई करत नाही म्हणून. मागितलं ते मिळालं नाही, पाटी राहिली.

आता उलटं बघा, निकाल येऊनही प्रकरण निकाली न निघणं. मुंबईतल्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर घेतला जातो अशा जुन्या इमारतींचा खटला १९९२ पासून सुप्रीम कोर्टात होता. अशा इमारती संपादन करून राहणाऱ्यांच्या सोसायटीला देता येतील असं सांगणाऱ्या म्हाडा कायद्याच्या आठ-अ या भागाला मालकांनी आव्हान दिलं होतं. ५ नोव्हेंबर २०२४ ला नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने सांगितलं की प्रत्येक खाजगी मालमत्ता ही घटनेच्या कलम ३९(ब) मधली ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ होत नाही. टीव्हीवर दिवसभर ‘ऐतिहासिक निकाल’, आणि निकाल मोठा होताच, पण पीठाने त्याच्याकडे पाठवलेल्या घटनेच्या प्रश्नांची उत्तरं दिली होती, मूळ अपिलं पुढे योग्य त्या पीठासमोर ठेवायची होती. म्हणजे मालक-भाडेकरूंचं भांडण त्या दिवशी निकाली निघालं नव्हतं.

खालच्या कोर्टात तर ‘निकाल’ आणखी सैल वापरतात. दाव्यासोबत निशाणी ५ चा अर्ज असतो, तात्पुरत्या मनाईचा, तो मंजूर झाला की गावात पेढे वाटतात ‘आपल्या बाजूने निकाल लागला’ म्हणून, आणि दावा अजून पुराव्यालाही आलेला नसतो. त्याला आदेश म्हणा. दावा संपताना कोर्ट कारणं देऊन लिहितं तो न्यायनिर्णय, त्यावरून निघतो तो हुकूमनामा, आणि समोरच्याने हुकूमनामा पाळला नाही तर त्याच्या अंमलबजावणीसाठी करतात ती दरखास्त. भूसंपादनात आणि लवादात शब्द वेगळा, निवाडा, जो ‘निवडणे’वरून आलाय, तांदूळ निवडतो तेच निवडणं, आणि मला हा शब्द या सगळ्यात जास्त आवडतो.

तेव्हा काकांना सांगा, आधी ऑर्डरची कॉपी काढा आणि शेवटचा परिच्छेद वाचा. तिथे ‘निवेदनावर निर्णय घ्यावा’ असं असेल तर हरलेले नाहीत, ऑर्डरची प्रत जोडून त्या ऑफिसात अर्ज द्यायचा, आवक शिक्का घ्यायचा आणि कोर्टाने दिलेली मुदत कॅलेंडरवर मांडून ठेवायची.