लाँड्री बॉलने कपडे खरोखर स्वच्छ निघतात का?

प्रश्न : सिरॅमिकचे मणी भरलेला, हजार वेळा वापरता येणारा लाँड्री बॉल मशीनमध्ये टाकला की डिटर्जंट लागत नाही, असे सांगतात. सांडपाण्यात डिटर्जंट कमी जावे म्हणून तो घ्यावा का?

उत्तर : मी घेऊ नका असेच सांगेन. तेलकट मळ पाण्यात विरघळत नाही. डिटर्जंटच्या रेणूचे एक टोक तेलाला आणि दुसरे पाण्याला धरते, म्हणूनच तो मळ कापडापासून सुटून पाण्याबरोबर वाहून जातो, आणि हे काम मण्यांतून निघणाऱ्या तथाकथित ‘ऋण आयनां’नी (ऋण विद्युतभार असलेल्या कणांनी) होत नाही. तरीही कपडे बरे निघालेले दिसतात, कारण घाम आणि धूळ नुसत्या पाण्याने व मशीनच्या घुसळण्यानेही बरीचशी जाते. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेने १९९९ च्या सुमारास अशा वस्तूंच्या विक्रेत्यांवर कारवाई केली, तीही डिटर्जंटशिवाय कपडे स्वच्छ होतात अशा दाव्यांवरून.

काही बॉलमध्ये मात्र हळूहळू विरघळणाऱ्या साबणी गोळ्या असतात. त्यांनी थोडा मळ निघतो, पण गोळ्या पुन्हा भराव्या लागतात, म्हणजे डिटर्जंट संपले नाही, कमी झाले एवढेच. खात्री करायची असेल तर सारखेच मळलेले दोन टॉवेल घेऊन एक बॉलसह आणि दुसरा नुसत्या पाण्यात धुवून पाहा.

सांडपाण्याची आपली काळजी रास्त आहे आणि ती मला मोलाची वाटते. त्यासाठी फॉस्फेटविरहित पावडर मोजून वापरावी, आणि रेशमी किंवा लोकरी कपड्यांना आपला जुना रिठा वापरावा. त्यातील सॅपोनिन या साबणासारख्या नैसर्गिक द्रव्याला खरोखर फेस येतो.