आरमारी इतिहास वाचायला घेताय? आधी एवढंच करा

पाणबुड्या आणि क्षेपणास्त्रं सध्या बाजूला ठेवा. प्रत्येक लढाईला आधी तीनच प्रश्न विचारा: जहाज कशावर चालतं, तोफा कुठल्या दिशेला मारतात, कूस (जहाजाची बाजू) कशाची आहे?

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे नुसत्या तोफा मोजणं. शिडाच्या लढाऊ जहाजाच्या बहुतेक तोफा दोन्ही कुशींना असत, पिछाडीला मोजक्याच. शिवाय चौकोनी शिडांचं जहाज वारा येतो त्या दिशेला फारसं तोंड करून जाऊच शकत नसे. कान्होजी आंग्र्यांची गलबतं इथेच भारी पडत. साधारण 70 टनांच्या आतली, 40-50 वल्ह्यांची. वारा पडला की ती जड गुराबांना (आंग्र्यांच्याच मोठ्या, तोफांच्या शिडाच्या जहाजांना) ओढून शत्रूच्या पिछाडीला नेत. एवढं नीट कळलं की ट्रफाल्गारची लढाई (1805, ब्रिटिश विरुद्ध फ्रेंच-स्पॅनिश) निम्मी कळते.

मग या क्रमाने जा:

- सिनोप, 1853: रशियनांनी स्फोटक गोळ्यांनी तुर्कांची लाकडी जहाजं जाळली.
- हॅम्प्टन रोड्स, 1862 (अमेरिकन यादवी युद्ध): दोन चिलखती जहाजं काही तास भिडली, बुडालं कुणीच नाही.
- ड्रेडनॉट, 1906 (ही लढाई नव्हे, ब्रिटिश युद्धनौका): 12 इंची दहा तोफा, वाफेची टर्बाइनं.
- कोरल समुद्र, 1942 (अमेरिका आणि मित्र विरुद्ध जपान): विमानं लढली, जहाजांनी एकमेकांना पाहिलंही नाही.

दुसरी चूक: नवं आलं की जुनं लगेच बाद झालं असं धरणं. 1860 साली पाण्यात उतरलेल्या लोखंडी ब्रिटिश युद्धनौका 'वॉरियर'वर वाफेचं इंजिन होतं, तरी शिडंही होती, कारण कोळसा दूरच्या प्रवासाला पुरत नसे. म्हणून वाचताना नकाशा उघडा आणि एडनसारखी कोळशाची बंदरं पेन्सिलीने खुणवत जा.